ठोसरबाईंची धूम्रा

ठोसरबाईंच्या दाराला आतून दोन कड्या, एक साखळी आणि वर लाकडी अडसर होता. लखनौच्या मानक नगरातल्या आमच्या रेल्वे कॉलनीत एवढा बंदोबस्त दुसऱ्या कुणाच्याच घराला नव्हता. बाकीच्या बायका थंडीत दारं सताड उघडी टाकून समोरच्या मैदानात उन्हाला स्वेटर विणत बसायच्या. ठोसरबाईंचं दार वाजवलं की आधी आतली सगळी हालचाल थांबायची. नळ चालू असला तर नळ बंद व्हायचा. मग जरा वेळाने, दाराच्या अगदी जवळून, बारीक आवाजात प्रश्न यायचा, "कोण?"

"मी, समोरची."

"समोरची कोण?"

"मोहिते."

"एकट्याच आहात ना, वैनी?"

मग अडसर, मग साखळी, मग एक एक कडी. दार वीतभर उघडायचं आणि त्या फटीतून एक डोळा आधी माझ्या मागचा जिना पाहून घ्यायचा.

आम्ही साताऱ्याहून तिथे गेलो तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. ठोसरबाई आमच्या आधीपासून तिथे होत्या. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात त्या ट्रेसर होत्या. इंजिनिअर लोकांनी काढलेले डब्यांचे, चाकांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचे, हे त्यांचं काम. वय पंचेचाळीसच्या आसपास असेल. उंच, सडसडीत, केस मागे घट्ट ओढून बांधलेले. जून महिन्यात लखनौची लू, तिथला उन्हाळी गरम वारा, अंगाची काहिली करते, तेव्हासुद्धा त्यांचं पोलकं मनगटापर्यंत लांब बाह्यांचं असे. गाव अकोल्याकडचं, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. त्यांच्याकडे पत्र कधी येत नसे. शहरातली मराठी कुटुंबं मिळून गणपती बसवायची, त्याची मागची आरास त्या दोन दिवस खपून रंगवायच्या. पण ग्रुप फोटोसाठी सगळे उभे राहायला लागले की ठोसरबाई कधी निसटल्या ते कुणाला कळायचं नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कशाला उगीच?" बाजारात येता का, हळदीकुंकवाला या, डॉक्टरला दाखवा, सगळ्याला उत्तर हेच. वरच्या मजल्यावरचे श्रीवास्तवजी क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना मोठ्याने ओरडले की त्या हातातला कप खाली ठेवायच्या आणि आवाज विरेपर्यंत उचलायच्या नाहीत. मला वाटायचं, काही माणसं जन्मतःच भित्री असतात, त्यातलीच ही एक.

आमची मुक्ता तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. तिला कॉमिक्सचं वेड लागलं होतं. अमीनाबादच्या एका प्रेसमधून 'कवचवीर' नावाचं कॉमिक निघायचं. पोलादी अंगाचा हा वीर दर महिन्याला जगाला वाचवायचा. एके दिवशी मुक्ता एकटी न्हाणीघरात जाईना. पुढचा दिवसही तसाच. शेवटी गादीखाली उलटं घालून ठेवलेलं कॉमिक माझ्या हाती लागलं.

"मम्मी, वो बीच वाला पन्ना मत खोलना," ती दारातूनच म्हणाली.

"का गं?"

"उसमें धूम्रा है. वो देखती है."

मी रागानेच ते पान उघडलं. असली पुस्तकं मुलींच्या हातात देऊ नयेत, असं काहीतरी तोंडावर आलं होतं. ते तसंच राहिलं.

पानभर एकच बाई उभी होती. अंगावर काळा घोळदार झगा, आणि केस धुरासारखे वर चढत चौकट ओलांडून कागदाच्या कडेपर्यंत गेलेले. रेषा सराईत हाताची होती. पण असली रेषा इतर कॉमिक्समध्येही दिसायची. वेगळा होता तो रंग. त्या काळातली कॉमिक्स आठवतात ना? आभाळ सपाट पिवळं, वीराचा पोशाख भडक निळा, माणसांची कातडी सगळीकडे सारखीच गुलाबी, आणि ओठाचा लाल रंग घसरून हनुवटीवर आलेला. या पुस्तकातही बाकीची पानं तशीच होती. पण धूम्राच्या चेहऱ्यावर गुलाबी कुठेच नव्हता. खाली राखेचा करडा. गालाच्या खळग्यात जांभळा. त्याच्या कडेने शेवाळासारखा हिरवा, आणि डोळ्याच्या कोपऱ्यापाशी अगदी बारीक पिवळी कड. केस काळे, पण त्या काळ्याखाली गडद लाल दिलेला, त्यामुळे टोकाटोकांशी निखारा असल्याचा भास व्हायचा. आणि डोळ्यांना रंगच नव्हता. त्या अख्ख्या पानात कोरा कागद फक्त तिच्या दोन डोळ्यांत शिल्लक ठेवला होता. त्यामुळे पुस्तक कुठूनही धरलं तरी ती बाई आपल्याकडेच बघते आहे, असं वाटायचं.

माझ्या मानेवर काटा आला. दिवसाची वेळ, बाहेर भाजीवाला ओरडतोय, आणि तरी मी ते पुस्तक मिटू शकले नाही. मुक्ता घाबरली त्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, रविवारी सकाळी, विरजण मागायला म्हणून मी ठोसरबाईंकडे गेले. कोण, समोरची कोण, एकट्याच ना, सगळं झालं. आत गेले तर खिडकीपाशी टेबल, टेबलावर जाड कागद, आणि कागदावर धूम्रा. अर्धी रंगवलेली, अर्धी नुसती काळ्या रेषांची.

त्यांनी झटकन वर्तमानपत्र ओढलं. पण मी पाहिलं होतं.

"तुम्ही?" मी विचारलं.

"कोणाले सांगू नका, वैनी."

"अहो, पण यात लपवण्यासारखं काय आहे? किती सुंदर काम आहे!"

"कशाला उगीच?" त्या म्हणाल्या. पण मग त्यांनी वर्तमानपत्र हळूच बाजूला केलं. मला वाटतं, त्यांचं काम कुणी समोरासमोर पाहावं असं त्यांनाही कुठेतरी वाटत असावं.

त्या दिवसापासून रविवारची माझी एक खुर्ची तिथे ठरून गेली. प्रेसमधून काळ्या रेषांची छापलेली पानं यायची, त्यावर त्या रंग भरायच्या. उजाडल्यापासून ऑफिसची वेळ होईपर्यंत, तेवढंच काम. बल्बच्या उजेडात हिरवा कळत नाही, म्हणायच्या. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचा कागद चिकटवून झाकलेल्या होत्या, उजेड फक्त वरून यायचा. ब्रशचं टोक ओठांत धरून नीट करायची त्यांना सवय होती. त्यामुळे त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात नेहमी कुठला तरी रंग लागलेला असे, आणि तो बघून आज कवचवीर चालला आहे की धूम्रा, हे मला ओळखता यायचं. कवचवीर त्या भराभर उरकायच्या. धूम्राच्या एका गालाला एक सकाळ जायची. एक हात दिला की सुकू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. "वाळल्याबिगर वरचा हात देऊ नये," त्या म्हणायच्या, "नाहीतर चिखल होते." धूम्राचे रंग आणले कुठून, असं मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "कशाला उगीच?"

पानं पोचवायला एकदा त्यांना स्वतः अमीनाबादेत जावं लागलं. एरवी प्रेसचा माणूस येऊन न्यायचा. तो आजारी पडला तेव्हा त्यांनी मला बरोबर येता का म्हणून विचारलं. विचारताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी पोळ्या टाकून निघाले. सायकलरिक्षात बसल्यावर त्यांनी ऊन नसताना टप वर ओढून घेतला आणि वाटभर पदर गालापाशी धरून ठेवला.

प्रेसचे मालक रस्तोगीजी. पांढराशुभ्र कुर्ता, तोंडात पान, आणि बोलणं असं, की समोरच्याला आपण कुणी मोठे आहोत असं वाटावं. आत चित्रकार बसले होते, शफ़ीक़ साहब. कवचवीर आणि धूम्राच्या रेषा त्यांच्या. वय झालेलं, नाकावर घसरलेला चष्मा.

"बहनजी," ते ठोसरबाईंना म्हणाले, "हमने तो हसीन औरत बनाई थी. आपने बीमार कर दी."

"बीमार नहीं है," ठोसरबाई खाली बघत म्हणाल्या.

"तो फिर क्या है?"

ठोसरबाईंनी पानांचा गठ्ठा पुढे सरकवला. शफ़ीक़ साहबांनी नवीन पान उचललं, खिडकीपाशी नेलं, चष्मा काढून अगदी जवळून पाहिलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "मगर नज़र हटती नहीं. ये भी सच है."

रस्तोगीजींची तक्रार वेगळी होती. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कवचवीर धूम्राला ठोसा मारायचा आणि ती कोसळायची. ते शेवटचं पान ठोसरबाई इतकं काळं करून टाकायच्या, की ठोसा दिसायचाच नाही. नुसता काळोख, त्यात एक लाल ठिणगी.

"बच्चे चिट्ठी लिखते हैं, घूँसा दिखाई नहीं दिया," रस्तोगीजी म्हणाले.

"अंधेरा है ना वहाँ. गुफा है."

"पिछले महीने तो मैदान था, बहनजी."

"शाम हो गई थी," ठोसरबाई म्हणाल्या.

मला हसू आलं. शफ़ीक़ साहबही मिशीत हसले. रस्तोगीजींनी हात जोडले आणि म्हणाले, "अच्छा, जैसी आपकी मर्ज़ी. धूम्रा की वजह से ही बिक रहा है. अब की बार आपका नाम भी छापेंगे."

ठोसरबाईंच्या हातातला चहाचा पेला तबकावर आदळला.

"नाम नहीं. नाम छापा तो काम बंद."

परतीच्या वाटेवर मी त्यांना खूप समजावलं. शफ़ीक़ साहबांचं नाव छापतात, मग तुमचं का नको? बाईमाणसाने आपली कला अशी झाकून का ठेवायची? त्या ऐकून घेत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "वैनी, तुम्ही लय चांगल्या आहात."

माझ्या हातून जे घडलं ते इथे सांगायला हवं. दिवाळीच्या आधी मी कापड घ्यायला अमीनाबादेत गेले होते. रस्तोगीजी दुकानासमोरच भेटले. विशेषांक निघतोय, म्हणाले, मुखपृष्ठावर धूम्रा आहे. बहनजींचं पूर्ण नाव काय हो, आम्ही तर नुसतं ठोसरजी म्हणतो. मी क्षणभर थांबले. मग वाटलं, ही बाई भित्री आहे, संकोची आहे; एकदा नाव छापून आलेलं पाहिलं की मनातून खूशच होईल. मी अभिमानाने सांगितलं, प्रमिला ठोसर.

विशेषांक आला. मुक्तानेच आधी पाहिलं. "मम्मी, आंटी का नाम!" पहिल्या पानावर स्पष्ट छापलं होतं, रंगसज्जा : श्रीमती प्रमिला ठोसर, लखनऊ. मी वाटीत पेढे घेतले आणि समोर गेले. कड्या निघाल्या. मी हसत अंक त्यांच्या हातात दिला.

त्यांनी ते नाव वाचलं. मग जिथे उभ्या होत्या तिथेच, दारातच, खाली बसल्या. अगदी आवाज न करता. मी घाबरून त्यांना धरायला गेले तर त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले. हात माझ्यापासून बचावासाठी वर गेले होते, हे मला जरा उशिरा उमगलं.

"हे किती गावात जाते, वैनी?" अंकाकडे बघत त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"अकोल्याच्या टेसनावर हिंदी पुस्तकं येतात. नणंदेची पोरं वाचतात."

मग त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली. कोपराखाली हात किंचित वाकडा होता. हाड जसं जुळायला हवं तसं जुळलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तो हात गळ्यात बांधून त्या अकोल्याहून गाडीत बसल्या होत्या. ट्रेसरची परीक्षा लग्नाआधी दिलेली होती, कागद जवळ होते, माहेरचं नाव लावलं. नवऱ्याला एवढंच माहीत होतं की गेली. "सापडली तर दुसराही मोडीन, असं त्यांनी माझ्या भावाले सांगून ठेवलं हाय, त्यानं एकदा हापिसात चिठ्ठी धाडून कळवलं. ते खोटं बोलत नाहीत."

मी म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं."

"तुम्ही विचारायच्या ना, धूम्राचे रंग कुठून आणले," त्या म्हणाल्या. आवाज एकदम सपाट होता, ऑफिसातलं काम समजावून सांगावं तसा. "पहिल्या दिवशी लाल असते. मग जांभळं. चवथ्या-पाचव्या दिवशी हिरवं येते, कडेनं. मग पिवळं. पिवळं आलं की समजायचं, आता जाईन. ते जायच्या आधी दुसरं यायचं. आरशात पाहून पाहून शिकली मी. धूम्राले मी ते सगळे एकदम दिले. आणि तरी ती उभी आहे, पाहा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अमीनाबादेत गेलो. मी रस्तोगीजींना बाजूला घेऊन जेवढं सांगणं भाग होतं तेवढं सांगितलं. त्यांच्या तोंडातलं पान थांबलं. बाहेरगावचे गठ्ठे आदल्या दिवशीच गाडीत चढले होते, ते परत आणणं शक्य नव्हतं. उरलेले प्रेसमध्ये होते. "जो हैं, सब आपके हवाले," ते म्हणाले. आम्ही जमिनीवर बसलो आणि एक एक अंक उघडून नावावर काळी शाई फिरवायला लागलो. काही वेळाने शफ़ीक़ साहब आले. काय चाललंय ते त्यांनी पाहिलं. एक शब्द विचारला नाही. चष्मा वर केला, आपला ब्रश घेतला आणि आमच्या शेजारी बसून नावं पुसायला लागले. दुपार टळेपर्यंत त्या खोलीत पानं उलटल्याखेरीज दुसरा आवाज नव्हता.

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते भीतीचेच. आता मी पण भ्यायला लागले होते. डिसेंबरात मानक नगरात असं धुकं पडायचं की समोरचा ब्लॉक दिसायचा नाही, आणि त्यातून कुणी मफलर गुंडाळलेला माणूस येताना दिसला की मी मुक्ताला आत ओढायची. जिन्यावर अनोळखी बूट वाजले की मी पोळपाट सोडून दाराशी जाऊन उभी राहायची. आमचे हे मला हसायचे. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. ते स्वतःच संध्याकाळी ठोसरबाई घरी पोचल्या का म्हणून विचारायला लागले. ठोसरबाई मात्र ऑफिसात जात होत्या, येत होत्या, सकाळी रंगवत होत्या. फक्त बारीक झाल्या. आणि ब्रश ओठांत धरताना तो दातांवर टकटक वाजायला लागला.

तो फेब्रुवारीत आला, दुपारी चारच्या सुमाराला.

माझ्या दाराची बेल वाजली. दारात एक गृहस्थ उभे होते. नीटनेटके, कोटाच्या खिशात पेन, हातात मिठाईचा पुडा. माझ्या मनात जो राक्षस उभा होता, त्यातलं त्यांच्यात काही नव्हतं.

"मोहितेवहिनी ना? पाटी वाचली. मराठी नाव पाहून बरं वाटलं. मी देशकर, अकोल्याचा. समोर कुलूप दिसतंय."

"त्यांची बदली झाली," मी म्हणाले. "गोरखपूरला."

"हो का?" ते हसले. "प्रेसवर तर म्हणाले, इथेच राहतात. तिथल्या नोकराने पत्ता लिहूनच दिला. भला माणूस." आणि माझ्या परवानगीची वाट न बघता ते आत येऊन खुर्चीवर बसले. मुक्ता तिथेच गृहपाठ करत होती. तिच्या वहीखाली कॉमिक होतं. त्यांनी ते अलगद ओढून घेतलं, धूम्राचं पान काढलं आणि बोट तिच्या गालावरून फिरवलं.

"छान रंगवते. पहिल्यापासूनच हात चांगला. भाच्याकडे हे चित्र पाहिलं आणि लगेच ओळखलं. नावाची गरजच नव्हती."

हे खरं होतं की मला दाखवण्यापुरतं बोलले, मला आजही माहीत नाही. त्या नावाचं ओझं माझ्यावरून उतरलं नाही ते नाहीच.

मी चहा केला. का केला? माणूस घरात येऊन बसला की चहा करायचा, एवढंच हाताला माहीत होतं. घड्याळात पावणेपाच झाले. ठोसरबाई सव्वापाचला यायच्या. मुक्ताला माझ्या जवळून हलू द्यायचं नव्हतं, आणि त्यांना घरात एकटं सोडून मला बाहेर जाता येत नव्हतं. ते अकोल्याच्या हवेबद्दल बोलत होते. पाच वाजले. मी देवाचं नाव घेत होते, आज त्यांना ऑफिसात उशीर होऊ दे.

सव्वापाचला जिन्यावर त्यांची पावलं वाजली. देशकर उठले, कोट सारखा केला आणि दारात जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले.

ठोसरबाई शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या होत्या तिथे थांबल्या. रंग उतरतो म्हणतात तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. एका हाताने त्यांनी कठडा धरला.

"प्रमिला," ते अगदी हळू, गोड आवाजात म्हणाले. "पुरे झालं आता. घरी चल."

त्या बोलल्या, पण हिंदीत. आणि मोठ्याने. अकरा वर्षांत त्या जिन्यावर त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"ये कह रहे हैं, बहुत हो गया, अब घर चलो."

देशकर गोंधळले. "तमाशा करू नकोस. आत चल, दार लावून बोलू."

"ये कह रहे हैं, तमाशा मत करो. अंदर चलो, दरवाज़ा बंद करके बात करेंगे."

वर श्रीवास्तवजींचं दार वाजलं. खालच्या मजल्यावरही कुणाची तरी कडी निघाली. देशकरांचा आवाज आणखी खाली गेला, पण मी पाठीशीच होते, मला ऐकू आलं.

"डावा बरा झाला वाटतं. रंग उजव्याने भरतेस ना?"

ठोसरबाईंचे ओठ हलले, आवाज फुटेना. मला वाटलं, आता संपलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि ओरडून म्हणाल्या, "ये पूछ रहे हैं, रंग दाहिने हाथ से भरती हो ना? बायाँ इन्होंने तोड़ा था. अब दाहिना तोड़ने आए हैं."

जिन्यावर माणसं जमली होती. खालच्या मिसेस पांडे हातातल्या पिठासकट वर आल्या होत्या. श्रीवास्तवजी स्वेटरवर मफलर गुंडाळत चार पायऱ्या उतरले आणि देशकरांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"भाई साहब," ते अतिशय अदबीने म्हणाले, "आपकी बात हम सबने सुन ली. आइए, आपको फाटक तक छोड़ दें."

"हा आमचा घरचा मामला आहे," देशकर म्हणाले, आणि मग तेच हिंदीत म्हणायला लागले. पण त्यांचं हिंदी अडखळलं.

"जी, बिल्कुल. आइए."

ते गेले. मिठाईचा पुडा माझ्या टेबलावर राहिला होता, तो मी उचलून तसाच कचऱ्यात टाकला.

ठोसरबाईंना किल्ली लावता येईना. चार वेळा कुलपावर किल्ली आपटली. मीच दार उघडलं, त्यांना कॉटवर बसवलं. मी रजई आणून घातली. अंधार पडायच्या सुमाराला त्या म्हणाल्या, "वैनी, मी बोलली ना? निघाला ना आवाज?"

"निघाला. वरपर्यंत गेला."

"मले नाही ऐकू आला," त्या म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस देशकर फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलेले दिसले. श्रीवास्तवजी आणि आमचे हे आळीपाळीने ठोसरबाईंना ऑफिसात पोचवायचे. तिसऱ्या दिवशी देशकर दिसले नाहीत. पुन्हा येतील म्हणून आम्ही वाट पाहत राहिलो, वर्षभर पाहिली. ते आले नाहीत, पण येणार नाहीत असं कधी वाटलंही नाही. कॉमिकच्या पुढच्या अंकात धूम्रा होती, आणि शेवटचं पान पूर्वीसारखंच काळं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आमची बदली झाली. घरोघरी टीव्ही आले, कवचवीर बंद पडला, रस्तोगीजी शाळेची पुस्तकं छापायला लागले. ठोसरबाईंनी नोकरीनंतर तेलीबागेकडे खोली घेतल्याचं श्रीवास्तवजींच्या पत्रात वाचलं. पत्ता त्यांनाही ठाऊक नव्हता. ठोसरबाईंनी तो कुणाला दिला नव्हता.

त्यानंतर एकदाच मी त्यांना पाहिलं. एका लग्नासाठी लखनौला गेलो होतो. रायबरेली रोडने टेम्पो चालला होता, आत आम्ही कोंबून बसलेलो. तेलीबागेच्या बाजारापाशी म्हशी आडव्या आल्या म्हणून टेम्पो थांबला आणि समोर, भाजीच्या गाड्यापाशी, मला ठोसरबाई दिसल्या. केस सगळे पांढरे, पाठीत थोड्या वाकलेल्या, मटाराच्या शेंगा निवडून घेत होत्या. मागून एका माणसाने वाट काढायला म्हणून त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांचे दोन्ही हात एकदम डोक्यावर गेले. शेंगा खाली सांडल्या. तो माणूस ओशाळून बघत राहिला.

मी टेम्पोतून हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती पोचली नाही. ठोसरबाईंनी हात हळूहळू खाली घेतले, वळल्या आणि त्या माणसाकडे सरळ पाहत काहीतरी म्हणाल्या. तो दोन पावलं मागे सरकला. मग त्या वाकून सांडलेल्या शेंगा एक एक करून वेचायला लागल्या, आणि आमचा टेम्पो सुटला.